हात जुळेपर्यंत

बुधाजी कातकऱ्याच्या पाठीवर कोळशाची गोणी होती, म्हणून त्याला पळता आलं नाही.

भोईवाड्यातल्या चाळीचा जिना तो अर्धा चढला होता. दुसऱ्या मजल्यावरच्या कमळाबाईकडे कोळसा टाकायचा होता. गच्चीवरून पोरं धडाधड उतरत आली, त्याला ढकलत खाली गेली, आणि खालून बुटांचा आवाज आला तशी तीच पोरं पुन्हा वर पळाली. बुधाजीने गोणी भिंतीला रेटली आणि अंग चोरून उभा राहिला. गोणी खाली ठेवली तर एकट्याला परत पाठीवर घेता आली नसती.

आदल्या दिवशी फोर्टात गोळीबार झाला होता. मुंबई महाराष्ट्राला द्यायची नाही असं दिल्लीत घाटत होतं, आणि गिरणगाव रस्त्यावर उतरलं होतं. चाळीच्या गच्चीवरून पोलिसांच्या गाडीवर विटा पडल्या, एका हवालदाराचं कपाळ फुटलं. फौजदाराने खोल्याखोल्यांतून पोरं ओढून काढली आणि चौकात नळापाशी उकिडवी बसवली. त्यात गंगाधर होता. सीतारामनानांच्या मेलेल्या बहिणीचा मुलगा, नानांनीच वाढवलेला. त्याच्या तळव्यांना विटेचा लाल भुगा तसाच होता. हात मांड्यांखाली दाबून तो बसला होता.

नाना गिरणीत कापडाचे साचे चालवत आणि एकादशीला देवळात कीर्तन करत. त्यांचा आवाज असा की परळ नाक्यावरून चालणारा माणूस वाट वाकडी करून देवळाच्या पायरीवर येऊन बसे. पोटातून निघालेला, गोड, आणि गोडपणाचा तोरा नसलेला. गळ्यात माळ, कपाळी बुक्का. चौकातल्या गर्दीत फौजदाराची नजर नेमकी त्यांच्यावर गेली.

"तुम्ही बुवा ना? माझी आई तुमच्या कीर्तनाला येते. माळकरी माणूस खोटं बोलायचा नाही. वरून विटा कोणी मारल्या?"

नानांनी गंगाधरकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर सगळं उघडं पडलं असतं. त्यांची नजर चौकभर फिरली, जिन्यावर गेली, आणि तिथे गोणीखाली वाकलेला काळा माणूस दिसला. त्यांनी बोट उचललं. तोंडातून शब्द काढला नाही.

"कोण रे तू?"

"कातकरी. वखारीवरला," बुधाजी म्हणाला.

कातकरी म्हटल्यावर फौजदाराने दुसरं काही विचारलं नाही.

पहिला दंडुका गुडघ्यांच्या मागे बसला. गोणी आणि माणूस बरोबरच जिन्यावरून खाली आले. गोणी फाटली, कोळसा चौकभर पसरला. बुधाजी त्याच कोळशावर पालथा पडला आणि त्याने उजवा हात डोक्यावर घेतला. मग सगळे दंडुके त्या हातावरच पडत राहिले. नळ चालू होता, बादलीत धार पडत होती, तरी हाड मोडल्याचा आवाज तिसऱ्या मजल्यावर ऐकू गेला. मी नाही मारला, असं तो म्हणाला नाही. "बाईचा कोलसा... बाईचा कोलसा," एवढंच म्हणत राहिला. एका शिपायाने मोडका हात बुटाखाली धरला आणि दुसऱ्याने त्याच्या तोंडावर लाथ घातली. मग त्याचे पाय धरून त्याला गाडीपर्यंत ओढत नेलं. फरशीवर काळा पट्टा उमटला आणि त्यात मधेमधे लाल.

गाडी गेली. पोरं उठली. कमळाबाई टोपली घेऊन खाली आली आणि आपलाच कोळसा आहे म्हणून वेचायला लागली. ते पाहून शेजारणी सुपं घेऊन आल्या. घटकाभरात चौकात कोळशाचा खडा राहिला नाही. मग कुणीतरी दोन बादल्या पाणी ओतून फरशी धुतली.

जेवताना नाना बायकोला म्हणाले, "मी खोटं काही बोललो नाही."

बकुळाबाई ताटात भात वाढत होती. तिचा हात थांबला नाही.

"तोंडान बोलूक नाय तुमी," ती म्हणाली. "बोटान बोललात."

*

बुधाजी सुटून आला तो प्लास्टर घालूनच. कोपराखाली हाताची दोन्ही हाडं मोडली होती. समोरचे दोन दात गेले होते. वखारीच्या मागच्या अंगाला पत्र्याची पडवी होती, तिचं दार वखारीतच उघडे. त्यात तो आणि त्याची बायको शेवंती राहत. पेणच्या वरल्या अंगाला त्यांची वाडी. रानात वखारवाल्या शेटच्याच कोळशाच्या भट्ट्या लावून दोघं मोठी झालेली. रान सरकारजमा झालं, भट्ट्या बंद पडल्या, तेव्हा शेटने ट्रकमधून कोळशाबरोबर त्यांनाही मुंबईला आणलं होतं.

शेट दारात उभं राहून बोलला. आत येत नसे, कपडे काळे होतात म्हणून. "पडवी दोघांच्या कामावर आहे. चाळायचं, भरायचं, पोचवायचं. एकीच्यानं होणार असेल तर रहा. नाहीतर दुसरं जोडपं आणतो."

शेवंतीने महिनाअखेरपर्यंत मुदत मागितली. दोन दिवस तिने दोघांचं काम एकटीने ओढलं. तिसऱ्या दिवशी डिलाईल रोडच्या चढावर गोणीसकट खाली बसली, आणि रस्त्यातल्या माणसांनी तिला वळसा घातला.

त्याच दिवशी गंगाधर चाळीतल्या चारजणांना घेऊन वखारीत आला. हातात झेंडूचा हार, नारळ, नवं धोतर. बुधाजीला खोक्यावर बसवून त्याच्या गळ्यात हार घातला.

"तुम्ही संयुक्त महाराष्ट्राचे सैनिक आहात," गंगाधर म्हणाला. "तुमचं रक्त वाया जाणार नाही."

"मी तर कोलसा घेऊन आलेलो," बुधाजी म्हणाला.

"तेच ते. मुंबई आपली आहे, ती आपल्याला मिळालीच पाहिजे."

बुधाजीने दातांच्या फटीतून जीभ फिरवली. "आमचं रान गेलं तवा तू आलेलास काय रं वरडायला?"

एकाला हसू आलं, त्याने ते गिळलं. 'अरेतुरे' केल्याचा गंगाधरला राग आला. कातकरी मोठ्या-लहान सगळ्यांनाच तू म्हणतात हे त्याला ठाऊक नव्हतं. पोरं घोषणा देत निघून गेली. शेवंतीने हारातली फुलं ओरबाडून काढली आणि उरलेल्या दोऱ्याने गोणीचं तोंड शिवलं.

"हार धाडला त्यानं," ती म्हणाली. "सोता नाय आला."

"कोन?"

"बोटवाला."

*

एकादशीला देऊळ भरलं होतं. बाहेर बंदोबस्त होता, तरी माणसं आली होती. अशा दिवसांत माणसाला गर्दीत बसून देवाचं नाव घ्यावंसं वाटतं, त्याने छातीतली धडधड जागेवर येते. नानांनी आख्यान लावलं होतं, शरण आलेल्या पाखरासाठी आपल्या मांडीचं मांस तराजूत घालणाऱ्या राजाचं. राजा कापतोय, पारडं उचलत नाही. नानांनी आवाज खाली आणला होता, बायकांचे पदर डोळ्यांना लागले होते, आणि मृदंग नुसता बोटांनी बोलत होता.

तेव्हा दाराशी चपलांमध्ये बसलेली शेवंती उठली आणि माणसांच्या मधून सरळ पुढे आली.

"माजा एक हात तुज्याकडं हाये," ती म्हणाली.

मृदंग थांबला. "ए बाई, खाली बस!" "कोण आहे ती? बाहेर काढा!" "कातकरीण आहे, हात नका लावू!" कुणी तिचा पदर ओढला. गंगाधर उठला आणि त्याने तिला खांबावर ढकललं. ओठ फुटला. तिने रक्त पदरात थुंकलं. देवळात थुंकायचं नाही एवढं तिला कळत होतं.

"बोलून घेतंय. मंग मारा." ती नानांकडेच बघत होती. "काठी पोलिसाची, पन बोट तुजं. आमच्या वाडीत ज्याच्यापायी दुसऱ्याचा हात मोडतं, त्यो हात व्हतं. मोडल्यालं जुळंपरयंत त्याचं काम त्यानं वढायचं. मंग कुनाचं कुनावर काय ऱ्हात नाय. हार नको, नारळ नको. उद्या वखारीत ये."

नाना उभेच होते. त्यांना शब्दांची कधी वाण नव्हती. पाखराचे, राजाचे, देवाचे बोल त्यांच्या जिभेवर असत. आता त्यातला एकही उपयोगाचा नव्हता. समोर पाचपन्नास ओळखीचे चेहरे होते आणि खांबापाशी ओठातून रक्त गळणारी बाई. त्यांनी चिपळ्या खाली ठेवल्या.

"बोट माझं," ते म्हणाले. "गच्चीवर कोण होतं ते मला माहीत होतं. हा माणूस नव्हता. मी देवाच्या माळेआड लपलो."

गंगाधर पांढरा पडला.

"पाळी सुटली की येतो, बाई."

"बाई नको म्हनू. शेवंती नाव हाये."

*

पहिल्या दिवशी नानांना गोणी जमिनीवरून उचलताच आली नाही. शेवंती मागून उचलून द्यायची, तेव्हा ती पाठीवर बसे. बसली की पायांच्या नळ्या थरथरत. वखारीत कोळशाचे ढीग छपरापर्यंत. आधी लोखंडी चाळणीवर कोळसा ओतायचा, दोघांनी दोन बाजूंनी हलवायचा. मोठा कोळसा गोणीत, भुकटी वेगळी. त्या भुकटीत माती नि शेण घालून शेवंती गोळे वळी. चाळण हलली की सगळी हवा काळी होई. नाकात, कानात, डोळ्यांच्या कडांत. नाना खोकत, काळं थुंकत, पुन्हा चाळण धरत. बुधाजी पडवीच्या दारात बसून बघत असे, गळ्यातल्या झोळीत हात घेऊन. पहिले आठ दिवस तो नानांशी बोलला नाही. नवव्या की दहाव्या दिवशी नाना गोणी घेऊन उंबऱ्यावर ठेचाळले, तेव्हा त्याने तोंड उघडलं.

"मान नको वाकवू. कंबर वाकव. मान मोडंल, मंग तुजी मान कोन व्हईल?"

शेवंती फिस्सकन हसली. नानाही हसायला गेले आणि खोकल्याने वाकले.

कोळसा पोचवायला स्वतःच्याच चाळीत जावं लागे. जिना तोच. पोरं कठड्यावरून बघत. कुणी म्हणे, "बुवा, रामकृष्णहरी!" आणि मागून खसखस. कमळाबाईने दार उघडलं, गोणीखालचे नाना ओळखले आणि तिच्या तोंडाचा आ तसाच राहिला. कोळसा ओतून झाल्यावर तिने पाणी दिलं. नानांना पेल्यातून. शेवंतीला उंबऱ्याबाहेर ओंजळीत, वरून. नानांनी घटाघट पेला रिकामा करून परत दिला. मग त्यांचं लक्ष गेलं. शेवंती ओले हात गोणपाटाला पुशीत होती.

जिना उतरताना ती म्हणाली, "तू हात हायस ना? मंग पेल्यातून कसं पितंस?"

दुसऱ्या खेपेला कमळाबाई पेला घेऊन आली तेव्हा नानांनी ओंजळ पुढे केली. तिला काय करावं कळेना. "नाना, मला पाप नका हो लावू," ती रडवेली होऊन म्हणाली. नाना ओंजळ धरून उभेच राहिले. हट्टाने नाही, पेला धरायला बोटंच वळत नव्हती. तळव्यांवरचे फोड फुटले होते.

घरी बकुळाबाई त्यांच्या अंथरुणावर जुनं लुगडं घाली, कारण घामाबरोबर काळं उतरे. गिरणीत साचेवाले म्हणत, नाना, सुतावर डाग पडतायत. मुकादमाने दोनदा तंबी दिली. आणि आवाज गेला. आधी वरचे स्वर गेले, मग मधले. मार्गशीर्षातल्या एकादशीला नाना उभे राहिले, त्यांनी नमन आळवायला तोंड उघडलं आणि नुसती फुटक्या भात्यासारखी हवा आली. श्रोत्यांनी माना खाली घातल्या. देवळाच्या पंचांनी दुसरा बुवा बघितला.

त्या दिवशी बकुळाबाई वखारीत आली. ती पहिल्यांदाच येत होती. तिने पडवीच्या दारातून हाक मारली, "गो, शेवंती!" आणि बाहेरच उभी राहिली.

"काय?"

"ह्येंचो गळो गेलो. हातासाठी हात घेतलंस, ता ठीक. गळो कित्या घेतलंस?"

शेवंती गोळे वळत होती. हातातला गोळा तिने पुरा केला. मग उठली, कोनाड्यातून वाळलेली काडी काढली, तोडून अर्धी बकुळाबाईच्या हातावर ठेवली. "उकळून दे. आमचा खोकला ह्यानंच जातंय. सगळा जात नाय."

बकुळाबाईने ती पदराच्या गाठीत बांधली. निघताना तिने डब्यातल्या दोन भाकऱ्या आणि सुक्या बांगड्याची चटणी तिथे ठेवली. नाना माळकरी, तेव्हा चटणी त्यांच्यासाठी नव्हती, हे सगळ्यांनाच कळलं. बुधाजीने डाव्या हाताने घास मोडला. "तिखाट हाये," तो म्हणाला, आणि सगळी खाल्ली.

प्लास्टर काढायचा दिवस जवळ आला होता. हात जुळत होता. बुधाजी प्लास्टरातून बाहेर आलेली बोटं हलवून दाखवी. पाचही हलत. शेवंती रोज सकाळी ती हलवून घेई आणि मगच चाळणीला हात लावी.

*

मग दिल्लीचा निकाल रेडिओवर आला. मुंबई महाराष्ट्रात नाही.

दुसऱ्या दिवशी परळ पेटलं. ट्रामचे रूळ उखडले, टायर जाळले, रस्त्यांत फरशा रचल्या. गिरण्या बंद. गल्लीच्या तोंडातून पोलीस गोळ्या झाडत आणि माणसं पालथी पडत. काही उठत, काही नाही. संचारबंदी लागायच्या आत नाना वखारीत पोचले. चाळीतल्या दोघांनी त्यांना अडवलं होतं. "आज कशाला? आज कोण कोळसा घेतोय?" पण घराघरांत चूल होतीच, आणि गोण्या भरून ठेवायच्या होत्या.

दुपारी शेटचा मेहता, वखारीचा कारकून, घाईघाईने आला, चोपड्या आणि तराजू काढून नेऊ लागला. पुढचं मोठं दार तो बाहेरून बंद करायला लागला तेव्हा नाना म्हणाले, "अहो, आत माणसं आहेत!"

"असू देत. राखतील वखार," मेहता म्हणाला. कुलूप लागल्याचा आवाज आला.

उन्हं कलली तेव्हा जमाव आला. गुजराती शेटची वखार, म्हणून आला. घोषणा, मग दगड. पत्र्यावर दगडांचा पाऊस पडावा तसा. मग घासलेटात भिजलेले बोळे छपराच्या फटीतून आत पडायला लागले. कोळसा लगेच पेटत नाही. गोणपाट पेटतं. रिकाम्या गोण्यांचा ढीग भडकला आणि त्याची आच भरलेल्या गोण्यांना लागली.

नाना पुढच्या दाराकडे धावले. दोन फळ्यांच्या फटीतून त्यांना गंगाधर दिसला. दहा हातांवर. हातात पेटता बोळा.

"गंगाधर! मी आहे रे! दार तोड!"

ज्या आवाजावर गंगाधर पाळण्यात झोपला होता तो आवाज आता राहिला नव्हता. फटीतून बाहेर नुसती घरघर गेली. त्यांनी दारावर मुठी मारल्या.

"आत कुणीतरी आहे," बाहेर एकजण म्हणाला.

"कातकरी असंल. शेटचं कुत्रं. राखण करतोय," दुसरा म्हणाला.

"मग?"

"मग काय! भाजू दे."

गंगाधर क्षणभर थांबला. नानांना तो थांबलेला दिसला. मग त्याने हात मागे नेला आणि बोळा फेकला.

लगेचच गल्लीच्या टोकाला गाडी आली आणि गोळ्या सुटल्या. दारासमोरचा एकजण गुडघ्यांवर बसला आणि मग कडेला कलंडला. माणसं पळाली. दार उघडायला कुणी उरलं नाही.

आत आता कोळसा धरला होता. ज्वाळा थोड्या, पण लालबुंद ढीग नुसता फुलत होता, आणि डोकं जड व्हायला लागलं होतं. शेवंती भुकटीच्या चिखलात पदर बुडवून तोंडावर धरत होती. मागच्या बाजूला पत्रा होता, त्यापलीकडे गटाराची बोळ. नानांनी पत्र्याला हात लावला आणि तळव्याची कातडी पत्र्यालाच राहिली. त्यांनी पुन्हा हात लावला. खांद्याने धडका दिल्या. पत्रा हलत होता, सुटत नव्हता. फावडं, पहार, सगळं पुढे, आगीपलीकडे.

"सर," बुधाजी म्हणाला.

त्याने झोळी गळ्यातून काढली. शेवंतीला कळलं. "नको," ती ओरडली, "नको रं, जुळलाय त्यो!"

बुधाजीने प्लास्टरचा हात डाव्या हाताने धरला, घण धरावा तसा, आणि पत्र्याच्या खिळ्यांवर घातला. पुन्हा घातला. प्लास्टरला तडे गेले, पुन्हा घातला. प्लास्टरचे तुकडे उडाले आणि मग नुसता हात पत्र्यावर बसत होता. तो दर घावाला गुरासारखा हंबरत होता. खालचे खिळे निघाले. नानांनी आणि शेवंतीने पत्र्याची कड धरून बाहेर वाकवली. आधी शेवंती गेली. मग बुधाजीने नानांच्या मानेला धरून त्यांना फटीत कोंबलं. तो मागून निघत होता तेव्हा वरचा वासा पेटून खाली आला. तो त्याने डाव्या हाताने झेलला.

*

गटारात तिघं पडली होती. बुधाजीच्या उजव्या हाताचं हाड कातडीबाहेर आलं होतं आणि हात कोपराखाली नुसता लोंबत होता. बोळीच्या टोकाकडून कुणीतरी वाकत वाकत पळत येत होतं. गोळीबारातून निसटलेला गंगाधर. काळ्या झालेल्या म्हाताऱ्याला ओलांडून तो पुढे गेला, आणि मग गळ्यातली माळ पाहून परत आला.

"नाना?" तो गटारात खाली बसला. "नाना, तुम्ही आत होता? मला माहीत नव्हतं हो. आईशपथ माहीत नव्हतं!"

नानांनी घशात होता नव्हता तेवढा आवाज गोळा केला.

"बुधाजी आत होता, ते माहीत होतं?"

गंगाधरने घासलेट लागलेले हात मांड्यांखाली दाबले.

"मी नसतो आत, तर?"

गंगाधरने नानांचे पाय धरले. नानांनी पाय ओढून घेतले. तो रांगत बुधाजीच्या पायांकडे गेला. बुधाजीनेही पाय पोटाशी घेतले.

"पाय नको धरू," बुधाजी दात आवळून म्हणाला. "उचल."

गल्लीत कुणाची तरी हातगाडी उलटी पडली होती. गंगाधरने ती सरळ केली. गोळी लागून दाराशी पडलेला त्याचा सोबती मेला होता. त्याच्याकडे पाहायलाही त्याला कुणी वेळ दिला नाही. बुधाजीला गाडीवर घातलं, गंगाधरने पुढून दांडे धरले, नानांनी कातडी गेलेल्या तळव्यांऐवजी कोपरं लावून मागून लोटलं. शेवंती लोंबता हात मांडीवर धरून गाडीवर बसली. नाक्यावर पोलिसांनी बंदुका रोखल्या. शेवंती गाडीवर उभी राहिली आणि तिने तो हात उचलून त्यांना दाखवला. बंदुका खाली झाल्या. त्यांनी गाडी जाऊ दिली, पण जाता जाता गंगाधरच्या पाठीत दोन दंडुके घातलेच. तो कळवळला, दांडे मात्र त्याने सोडले नाहीत.

*

इस्पितळात जागा नव्हती. गोळी लागलेली माणसं व्हरांड्यात सतरंजीवर निजवली होती. डॉक्टरांनी हात पाहिला आणि कागदावर शेवंतीचा अंगठा मागितला. खांद्याखाली चार बोटं ठेवून हात कापला.

तिसऱ्या दिवशी बुधाजी शुद्धीवर आला. डावा हात कोपरापर्यंत पट्ट्यांत गुंडाळलेला, उजवीकडे नुसतं बोचकं. उशाशी नाना बसले होते, दोन्ही तळव्यांना पट्ट्या. पायथ्याशी शेवंती आणि बकुळाबाई एकाच चादरीवर टेकल्या होत्या. चादर बकुळाबाईची. गंगाधर व्हरांड्याच्या दाराबाहेर उभा होता. तिन्ही दिवस तो तिथेच होता. कुणी पाणी, कुणी भांडं मागितलं की आणून देई, पण दाराच्या आत पाऊल टाकत नसे, आणि कुणी त्याला ये म्हटलं नव्हतं.

बुधाजीने बोचक्याकडे पाहिलं. पाहत राहिला. डोळ्यांतून पाणी कानांत गेलं.

"ह्या खेपंला मीच मोडला," तो नानांना म्हणाला. "तुज्यावर काय नाय. तू सुटलास. जा."

नानांच्या छातीतून काहीतरी सुटल्यासारखं झालं. आनंदच झाला त्यांना, हे देवापुढेही नाकबूल करता आलं नसतं. घर, साचे, देऊळ, ओळखीचा बुक्क्याचा वास. ते उठायला लागले.

"सुटला कसा?" शेवंती पायथ्याकडून म्हणाली. "जुळंपरयंत म्हटलेलं. जुळला काय?"

"आता काय जुळतंय, शेवंते?"

"मंग." ती नानांकडे वळली. तिच्या डोळ्यांखाली अजून काजळी होती, आणि त्या काजळीत खोडकरपणा होता की राग, हे बकुळाबाईलाही कळेना. "जलमाचा हात झालास तू. पळ आता, कुठं पळतंस."

नाना अर्धे उठलेले होते. त्यांना भीती वाटली. पाठीला गोणी आठवली, चाळण आठवली, फोड आठवले. वखार आता नव्हती, पडवी नव्हती. ही दोघं बरी झाली की जाणार कुठे, राहणार कुठे, हे सगळं त्यांच्या अंगावर एकदम आलं. बकुळाबाई त्यांच्याकडे बघत होती. ती चादरीवर थोडी सरकून बसली, जागा झाली.

तेवढ्यात बुधाजीने तोंड वेडंवाकडं केलं. मान इकडे केली, तिकडे केली, उशीवर घासली.

"काय होतंय?" नानांनी घोगऱ्या आवाजात विचारलं. "कळ येतेय? नर्सबाईंना बोलावू?"

"नाक खाजतंय," बुधाजी म्हणाला.

नाना खाली बसले. त्यांनी मनगटाने त्याचं नाक खाजवलं. पट्टी खरखरीत होती.

"जरा डावीकडं," बुधाजी म्हणाला. "अजून जरा. हां."